एसएसएचवरून विंडो उघडत नाही? ‘डिस्प्ले’ला हात लावण्याआधी हे तपासा

दूरच्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय) लॉगिन व्यवस्थित होतं, कमांड चालतात, पण विंडो उघडणारा कुठलाही प्रोग्रॅम चालवला की तो एका ओळीची एरर टाकून बंद पडतो. आमच्या विभागाचा सर्व्हर मी सांभाळते. नवं सत्र सुरू झालं की ही तक्रार ठरलेली: ग्नूप्लॉटचा आलेख दिसत नाही, मॅटलॅबची विंडो येत नाही, ‘मॅडम, काल चालत होतं’. यातल्या बहुतेक तक्रारींत सर्व्हरचा काही दोष नसतो. दोष लॅपटॉपवर असतो, नाहीतर विद्यार्थ्याच्याच होम डिरेक्टरीत. म्हणून खालचा क्रम स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून सुरू होतो. रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड लागेल असं काम अगदी शेवटी आहे.

कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या. मोठं अक्षर हवं तिथे ‘कॅपिटल’ म्हटलंय आणि ते गंभीरपणे घ्या. एसएसएचला डॅश कॅपिटल एक्स दिलं तर विंडो आणायची परवानगी मिळते, डॅश छोटा एक्स दिला तर ती मुद्दाम बंद होते.

आधी लक्षणं नीट वाचा

‘चालत नाही’ या एका तक्रारीच्या पोटात निदान सहा वेगळे बिघाड असतात. एररची ओळ जशीच्या तशी वाचली की अर्धं काम होतं.

- ‘कान्ट ओपन डिस्प्ले’ आणि त्यापुढे काहीच नाही: डिस्प्ले नावाचं व्हेरिएबल रिकामं आहे. विंडो कुठे काढायची हे प्रोग्रॅमला कोणी सांगितलेलंच नाही.
- ‘कान्ट ओपन डिस्प्ले: लोकलहोस्ट:१०.०’: पत्ता मिळाला, पण दार उघडलं नाही.
- लॉगिन होतानाच ‘एक्स११ फॉरवर्डिंग रिक्वेस्ट फेल्ड ऑन चॅनल ०’: विंडो तुमच्याकडे पाठवायची (फॉरवर्डिंगची) विनंतीच सर्व्हरने नाकारली.
- ‘एक्स११ कनेक्शन रिजेक्टेड बिकॉज ऑफ राँग ऑथेंटिकेशन’: रस्ता ठीक आहे, ओळख पटली नाही.
- आधी उघडलेल्या विंडो चालू आहेत, पण थोड्या वेळाने नवी उघडेना.
- विंडो येते, पण मेन्यू उघडायला चहा पिऊन होतो. किंवा त्रिमितीय चित्राच्या जागी काळा चौकोन दिसतो.

यंत्रणा थोडक्यात समजून घेतली तर पुढच्या तपासण्या का करायच्या ते कळेल. एक्स विंडो सिस्टिम एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झाली. आज वापरात असलेली अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स११, १९८७ ची. तिच्यात स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला सर्व्हर म्हणतात, म्हणजे एक्स सर्व्हर तुमच्या लॅपटॉपवर असतो आणि दूरच्या मशीनवरचा ग्नूप्लॉट हा त्याचा क्लायंट. डिस्प्ले क्रमांक शून्य असेल तर पोर्ट ६०००. एसएसएच आपले डिस्प्ले मुद्दाम १० पासून मोजतं, म्हणून दूरच्या मशीनवर ‘लोकलहोस्ट:१०.०’ दिसतं आणि त्यामागे पोर्ट ६०१० असतं. त्या पोर्टवर आलेलं सगळं एनक्रिप्ट होऊन बोगद्यातून तुमच्या लॅपटॉपवर पोचतं.

१. लॅपटॉपवर एक्स सर्व्हर आहे का?

फुकटची तपासणी, आणि सगळ्यात जास्त वेळा उत्तर इथेच सापडतं. लिनक्सवर वेलँड (एक्सच्या जागी आलेली नवी यंत्रणा) डेस्कटॉप असला तरी एक्सचे प्रोग्रॅम चालवणारं एक्सवेलँड सोबत असतं, त्यामुळे सहसा अडत नाही. मॅकवर मात्र अडतं: २०१२ च्या माउंटन लायनपासून ॲपलने एक्स११ सोबत देणं बंद केलं, एक्सक्वार्ट्झ वेगळं बसवावं लागतं. बसवल्यावर एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करा. ही पायरी गाळल्यामुळे ‘बसवलं तरी होत नाही’ म्हणणारे दर वर्षी भेटतात.

विंडोजवर पटी हा एसएसएचचा प्रोग्रॅम वापरत असाल तर कनेक्शन, एसएसएच, एक्स११ या पानावर फॉरवर्डिंगची खूण करावी लागते आणि शिवाय व्हीसीएक्सएसआरव्ही किंवा एक्समिंगसारखा एक्स सर्व्हर चालू असावा लागतो. नुसती खूण केली तर बोगदा तयार होतो, पण त्याच्या या टोकाला कोणीच बसलेलं नसतं. मोबाएक्सटर्ममध्ये हे सगळं आतच असतं. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) नव्या विंडोजवर असेल तर डब्ल्यूएसएलजीमुळे वेगळं काही बसवायची गरज नाही.

खात्री करायची तर (लिनक्स, मॅक किंवा डब्ल्यूएसएल असेल तेव्हा) लॅपटॉपच्या टर्मिनलवरच ‘एको डॉलर डिस्प्ले’ (डिस्प्ले कॅपिटलमध्ये) चालवा. एसएसएच वापरण्याआधी इथेच काही छापलं जात नसेल, तर दूरच्या मशीनवर काहीही करून उपयोग नाही.

२. कॅपिटल एक्स दिलंय का, आणि जुनं कनेक्शन तर वापरात नाही ना?

पहिला भाग सांगायला नको. दुसरा चटकन लक्षात येत नाही. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये कंट्रोलमास्टर चालू असेल तर दुसऱ्यांदा केलेलं लॉगिन पहिल्याच कनेक्शनवर स्वार होतं. पहिलं कनेक्शन लॅपटॉपच्या आधीच्या सत्रातलं असेल तर आता केलेल्या बदलांचा त्याला पत्ताच नसतो. ‘एसएसएच डॅश कॅपिटल ओ एक्झिट’ आणि पुढे मशीनचं नाव देऊन ते बंद करा, मग नव्याने लॉगिन करा.

चाचणी एक्सक्लॉक किंवा एक्सआइजने घ्या. उबुंटू-डेबियनवर ते एक्स११-ॲप्स या पॅकेजात मिळतात. थेट मॅटलॅबने चाचणी घेतली तर बिघाड बोगद्यात आहे की मॅटलॅबमध्ये, हे कळत नाही.

३. डॅश व्ही लावून बघा

‘एसएसएच डॅश व्ही डॅश कॅपिटल एक्स’ ने लॉगिन केलं की भरपूर ओळी येतात. त्यात ‘एक्स११’ शोधा. ‘रिक्वेस्टिंग एक्स११ फॉरवर्डिंग विथ ऑथेंटिकेशन स्पूफिंग’ अशी ओळ दिसली तर तुमच्या बाजूने विनंती गेली. दिसली नाही, तर पुन्हा पहिल्या दोन पायऱ्या. त्यानंतर ‘नो एक्सऑथ प्रोग्रॅम, कॅनॉट फॉरवर्ड एक्स११’ आलं तर सर्व्हरवर एक्सऑथ (विंडोची परवानगी सांभाळणारा प्रोग्रॅम) नाही, हे काम ॲडमिनचं. ‘डिसेबल्ड बाय की ऑप्शन्स’ आलं तर तुमच्या ऑथोराइज्ड-कीज फाइलमध्ये किल्लीच्या आधी ‘रिस्ट्रिक्ट’ किंवा ‘नो-एक्स११-फॉरवर्डिंग’ लिहिलेलं आहे. ते कोणीतरी विचारपूर्वक लिहिलेलं असू शकतं, परस्पर खोडू नका.

‘स्पूफिंग’ हा शब्द वाचून घाबरायचं कारण नाही. एसएसएच दूरच्या मशीनला तुमच्या लॅपटॉपची खरी कुकी (एक्स सर्व्हरला ओळख पटवणारा गुप्त संकेत) देतच नाही. एक खोटी कुकी बनवून देतं आणि या टोकाला आल्यावर ती खरीशी बदलतं. म्हणूनच लॅपटॉपवरची, कुकी जिथे असते ती एक्सऑथॉरिटी फाइल सर्व्हरवर कॉपी करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने काम तर होत नाहीच, वर खरी कुकी परक्या मशीनवर जाऊन पडते.

४. होम डिरेक्टरी भरली आहे का?

‘काल चालत होतं’ या तक्रारीचं माझ्याकडचं नेहमीचं उत्तर. प्रत्येक लॉगिनला एक्सऑथ होम डिरेक्टरीतल्या डॉट-एक्सऑथॉरिटी फाइलमध्ये नवी कुकी लिहितो. कोटा संपला असेल तर लिहिता येत नाही. लॉगिन होतं, पत्ताही मिळतो, पण कुकी नसते. तक्रारीची ओळ येते खरी, पण स्वागताच्या मजकुरात ती वर सरकून जाते आणि कोणी वाचत नाही. ‘कोटा डॅश एस’ किंवा ‘डीएफ डॅश एच’ बघा. सिम्युलेशनच्या जुन्या आउटपुट फाइली हलवा आणि नव्याने लॉगिन करा.

जागा असूनही ‘टाइमआउट इन लॉकिंग ऑथॉरिटी फाइल’ येत असेल तर मागे अर्धवट राहिलेली कुलपं आहेत. एक्सऑथॉरिटी या नावापुढे डॅश सी आणि डॅश एल लागलेल्या दोन फाइली दिसतील. तुमची बाकीची सगळी सत्रं बंद करून त्या काढून टाका.

तिसरा प्रकार: फाइल रूटच्या नावावर. कधीतरी सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावून विंडोचा प्रोग्रॅम चालवला की असं होतं. फाइल तुमची नसली तरी डिरेक्टरी तुमची असते, त्यामुळे तिचं नाव बदलता येतं. नाव बदला, बाहेर पडा, परत या. नवी फाइल आपोआप तयार होईल.

५. तुम्हीच डिस्प्ले बदललाय का?

कोणीतरी कधीतरी दिलेला ‘एक्सपोर्ट डिस्प्ले इज इक्वल टू कोलन झिरो’ हा मंत्र बॅशआरसी या शेल सुरू होताना चालणाऱ्या फाइलमध्ये पडून असतो. एसएसएच बिचारं बरोबर पत्ता भरून देतं आणि पुढच्याच क्षणी बॅशआरसी तो पुसून चुकीचा लिहितं. ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) लावून होममधल्या सगळ्या डॉट फाइलींत ‘डिस्प्ले’ शोधा आणि सापडलेली ओळ खोडा. हे व्हेरिएबल हाताने कधीच भरायचं नसतं. ते रिकामं असेल तर बिघाड आधीच्या कुठल्यातरी पायरीवर आहे, आणि हाताने भरून तो फक्त झाकला जातो.

टीमक्स किंवा स्क्रीन (सत्र सोडून नंतर परत जोडू देणारे प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांचं दुखणं यासारखंच. सकाळी सत्र सोडलं, संध्याकाळी परत जोडलं, पण आतल्या शेलकडे सकाळचाच पत्ता. तो बोगदा कधीच बंद झालाय. टीमक्समध्ये नवी विंडो उघडली की तिला ताजा पत्ता मिळतो. जुन्या शेलमध्ये धडपडू नका.

उबुंटूवर स्नॅप या पॅकेज पद्धतीतून आलेला क्रोमियम ब्राउझर ‘राँग ऑथेंटिकेशन’ म्हणत असेल तर कारण वेगळं. स्नॅप प्रोग्रॅमला निराळी होम डिरेक्टरी दाखवतं, तिथे कुकीची फाइल नसते. एक्सऑथॉरिटी हे व्हेरिएबल तुमच्या खऱ्या होममधल्या फाइलकडे वळवलं की काम होतं.

आणि एक अगदीच आडवळणाचं: होममधल्या डॉट-एसएसएच डिरेक्टरीत ‘आरसी’ नावाची फाइल असेल तर एसएसएचडी (सर्व्हरवर एसएसएच सांभाळणारा प्रोग्रॅम) स्वतः एक्सऑथ चालवत नाही, ते काम त्या फाइलवर सोडतं. कुठून तरी उचललेल्या आरसीमध्ये ते नसतंच. फाइलचं नाव बदलून बघा.

६. सुडो लावल्यावरच अडतं?

सुडो केल्यावर पत्ता तोच राहतो, पण कुकी रूटच्या घरात शोधली जाते आणि तिथे ती नसते. कुकी रूटला कशी द्यायची याच्या कृती सगळीकडे मिळतात. मी त्या देत नाही. विंडोचा प्रोग्रॅम रूट म्हणून चालवायची वेळ सहसा एखादी कॉन्फिग फाइल बदलण्यासाठीच येते, आणि त्यासाठी ‘सुडोएडिट’ आहे. एडिटर तुमच्याच नावाने चालतो, सेव्ह केल्यावर फाइल मूळ जागी जाते. क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या मशीनच्या समूहावर) होम एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कवर, असेल तर रूटला सहसा तुमची फाइल वाचताही येत नाही, तेव्हा त्या कृती तिथे फसतात.

मध्येच एक इशारा: हे उपाय करू नका

‘एक्सहोस्ट प्लस’ हा इंटरनेटवरचा लाडका उपाय. त्याने कुकीची तपासणीच बंद होते. मग तुमच्या एक्स सर्व्हरपर्यंत पोचू शकणारा कोणीही तुमच्या स्क्रीनवर विंडो काढू शकतो आणि तुमचे कीस्ट्रोक वाचू शकतो. विंडोजवर व्हीसीएक्सएसआरव्हीमधली ‘डिसेबल ॲक्सेस कंट्रोल’ ही खूण म्हणजे तेच. डिस्प्लेमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता भरणं हा दुसरा प्रकार. त्यात बोगदा बाजूलाच राहतो आणि सगळं उघड्या नेटवर्कवरून जातं. एक्सऑर्गने (लिनक्सवरच्या नेहमीच्या एक्स सर्व्हरने) १.१७ आवृत्तीपासून टीसीपीवर ऐकणं मुळातच बंद केलंय ते उगीच नव्हे.

डॅश कॅपिटल वायचं थोडं वेगळं. कॅपिटल एक्समध्ये दूरच्या प्रोग्रॅमवर बंधनं असतात, कॅपिटल वायमध्ये तो तुमच्या जवळच्या प्रोग्रॅमइतकाच विश्वासू धरला जातो. बंधनांमुळे काही प्रोग्रॅम कोसळतात, म्हणून लोक सरसकट वाय वापरतात. डेबियन आणि उबुंटूने तर दोन्ही सारखेच करून ठेवलेत. खरा फरक हवा असेल तर तिथे ‘फॉरवर्डएक्स११ट्रस्टेड नो’ लिहावं लागतं. स्वतःच्या विभागाच्या मशीनवर वाय वापरा, हरकत नाही. पण ज्या मशीनचा रूट कोण हे माहीत नाही, तिथे नको. तो रूट तुमची कुकी वाचून तुमच्या स्क्रीनपर्यंत येऊ शकतो. लॅपटॉपवर वेलँड असेल तर त्याची पोच एक्सवेलँडमधल्या विंडोंपुरती राहते, तेवढाच दिलासा. कॉन्फिगमध्ये ‘होस्ट स्टार’खाली, म्हणजे सगळ्याच मशीनसाठी, फॉरवर्डिंग कायमचं चालू ठेवणं तर नकोच.

वर लिहिलेलं ‘थोड्या वेळाने नवी विंडो उघडेना’ हे लक्षणही इथलंच. बंधनातल्या फॉरवर्डिंगला मूळ मुदत २० मिनिटांची असते. जुन्या विंडो चालू राहतात, नव्या नाकारल्या जातात. ‘फॉरवर्डएक्स११टाइमआउट’ वाढवा. त्यासाठी कॅपिटल वायकडे जायची गरज नाही.

७. मधे आणखी एक मशीन आहे?

क्लस्टरवर आधी गेटवे (बाहेरून लॉगिन करायचं मशीन), मग आतलं मशीन. दोनदा एसएसएच करताना एका ठिकाणी एक्स विसरलं की साखळी तुटते. त्याऐवजी लॅपटॉपवरूनच डॅश कॅपिटल जे देऊन गेटवेचं नाव सांगा. बोगदा एकच आणि सलग राहतो, गेटवेवर कुकी ठेवावी लागत नाही. ओपनएसएसएच ७.३ पासून ही सोय आहे. कॉम्प्युट नोडवर स्लर्ममधून (क्लस्टरवर कामं वाटून देणाऱ्या व्यवस्थेतून) जात असाल तर ‘एसरन’ला ‘डॅश डॅश एक्स११’ द्या. तेवढ्याने झालं नाही तर ॲडमिनने स्लर्ममध्ये ती सोय चालूच केलेली नसेल.

८. आता सर्व्हर (रूट लागेल)

ही पायरी सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तरच. एक्सऑथचं पॅकेज बसवा. मग ‘एसएसएचडी डॅश कॅपिटल टी’ चालवून त्यात एक्स११ शोधा. हे फाइलमध्ये काय लिहिलंय ते सांगत नाही, प्रत्यक्षात काय लागू आहे ते सांगतं. दोन्हींत फरक पडतो, कारण एसएसएचडी एखाद्या पर्यायाची पहिली किंमत धरतं. उबुंटूत मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच दुसरी डिरेक्टरी जोडलेली असते. तिथे ‘नो’ असेल तर मुख्य फाइलच्या शेवटी कितीही वेळा ‘येस’ लिहा, उपयोग नाही. मूळ ओपनएसएसएचमध्ये एक्स११ फॉरवर्डिंग बंदच असतं, बरीच वितरणं ते चालू करून देतात.

सगळं ‘येस’ असूनही विनंती नाकारली जात असेल तर लॉगमध्ये ‘फेल्ड टू अलोकेट इंटरनेट-डोमेन एक्स११ डिस्प्ले सॉकेट’ शोधा. कोणीतरी आयपीव्ही६ बंद केलंय आणि एसएसएचडी तरीही तिथे जागा मागतंय. ‘ॲड्रेसफॅमिली आयनेट’ लिहिलं की सुटतं. यावर ‘एक्स११यूजलोकलहोस्ट नो’ असाही सल्ला मिळतो. त्याने ६०१० हे पोर्ट बाहेरच्या नेटवर्कला दिसायला लागतं. नको.

रिलोड करण्याआधी ‘एसएसएचडी डॅश छोटा टी’ने फाइल तपासा आणि एक जुनं सत्र उघडंच ठेवा. दूरच्या मशीनचं एसएसएच बंद पडलं तर पुढचा प्रवास सर्व्हर रूमपर्यंतचा.

९. उघडतं, पण सुसह्य नाही

हा बिघाड नव्हे. एक्समध्ये प्रोग्रॅम आणि स्क्रीन यांच्यात सतत प्रश्नोत्तरं चालतात, त्यामुळे बँडविड्थपेक्षा अंतर नडतं. डॅश कॅपिटल सीने थोडा फरक पडतो, पण घरच्या इंटरनेटवरून फायरफॉक्स असा चालवायचा हट्ट सोडा. एक्सप्रा वापरा, कनेक्शन तुटलं तरी प्रोग्रॅम चालू राहतो. पूर्ण डेस्कटॉप हवा असेल तर एक्स२गो, किंवा व्हीएनसी, पण फक्त लोकलहोस्टवर ऐकणारं आणि एसएसएचच्या बोगद्यातून. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरतात, तेव्हा ते पोर्ट उघडं ठेवणं म्हणजे आमंत्रणच.

पॅराव्ह्यू, व्हीएमडीसारखे त्रिमितीय प्रोग्रॅम फॉरवर्डिंगवर अडणारच. त्यांच्यासाठी व्हर्च्युअलजीएल आणि टर्बोव्हीएनसी आहेत. चित्र सर्व्हरवरच तयार होतं. प्रोग्रॅम फक्त वेलँडचा असेल तर वेपाइप.

विंडो आली, पण मराठीच्या जागी चौकोन? आजचे प्रोग्रॅम फाँट दूरच्या मशीनवरचे वापरतात. लॅपटॉपवर कितीही देवनागरी फाँट असले तरी उपयोग नाही. सर्व्हरवर ‘एफसी-लिस्ट कोलन लँग इज इक्वल टू एमआर’ चालवा. काहीच आलं नाही तर लोहित किंवा नोटो देवनागरी बसवायला सांगा. स्वतःच्या होममधल्या डॉट-लोकल, शेअर, फाँट्स या डिरेक्टरीत टाकलेत तरी चालतं.

कुठे थांबायचं

सर्व्हर तुमचा नसेल तर सातव्या पायरीनंतर थांबा आणि ॲडमिनला कळवा. ‘डिसेबल्ड’ असं स्पष्ट उत्तर आलं असेल तर त्याआधीच. ते धोरण असू शकतं, आणि धोरणाला वळसा घालणारे बोगदे काढले की खातं बंद होतं. सर्व्हर तुमचा आहे, पण त्यावर इतरांचंही काम चालतं आणि एसएसएचडीची फाइल याआधी कधी उघडलेली नाही, तरीही माहीतगार माणूस शेजारी असल्याशिवाय आठव्या पायरीला हात घालू नका. तुम्ही न उघडलेली विंडो कधी स्क्रीनवर आली, किंवा अनोळखी कोणाची कुकी तुमच्या फाइलमध्ये दिसली, तर दुरुस्ती करत बसू नका. कनेक्शन तोडा, त्या सत्रात टाइप केलेले पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला आणि सुरक्षा बघणाऱ्यांना लगेच कळवा.

ॲडमिनला लिहिताना लॅपटॉपची सिस्टिम, एररची अचूक ओळ, डॅश व्हीच्या आउटपुटमधल्या एक्स११ च्या ओळी, दूरच्या मशीनवरची डिस्प्लेची किंमत आणि वेळ एवढं द्या. वेळ दिली की लॉगमध्ये नेमकी ओळ सापडते. स्क्रीनशॉटऐवजी मजकूर पाठवा. ‘एक्सऑथ लिस्ट’चं आउटपुट मात्र पाठवू नका. त्यातल्या शेवटच्या रकान्यातले ३२ अंक-अक्षरं म्हणजे कुकी. पोर्ट ६०१० त्या मशीनवर लॉगिन असलेल्या प्रत्येकाला दिसतं, आणि तुमचं सत्र चालू असेपर्यंत त्यांच्या आणि तुमच्या स्क्रीनच्या मधे तेवढीच एक आडकाठी असते.